‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ : संधिवाताच्या रुग्णाचं म्हणणं नीट मोजायचं कसं

आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, तपासणीला आलेल्या रुग्णाच्या हातात बहुधा दोन कागद असतात. एक प्रयोगशाळेचा. त्यात ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे सूज आणणारी प्रक्रिया, किती आहे हे दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), हिमोग्लोबिन, यकृताची तपासणी असते. दुसरा तिथेच भरून द्यायचा असतो. गेल्या आठवड्यात दुखणं किती होतं, कपडे घालताना त्रास झाला का, एकूण कसं वाटतंय, असे प्रश्न त्यात असतात. पहिला कागद सगळे जपून फाईलमध्ये लावतात. दुसरा अनेकदा रांगेत उभ्या-उभ्या, कुणाचं तरी पेन मागून, नाहीतर सोबत आलेल्या मुलाला सांगून भरला जातो.

औषध वाढवायचं की कमी करायचं हे ठरवताना मात्र या दुसऱ्या कागदाचं वजन बरंच असतं. तो आकडा कसा तयार होतो आणि कुठे फसतो, हे रुग्णाला आणि घरच्यांना कळायला हवं, म्हणून हा लेख. प्रश्न रुग्णाच्या रोजच्या जगण्याला धरून नसेल, तर अगदी प्रामाणिक उत्तरातूनही चुकीचा आकडा तयार होतो, आणि पुढे उपचार त्या आकड्यावर बेततात. गेली चाळीसेक वर्षं संधिवाताचे संशोधक प्रामुख्याने हे प्रश्न सुधारण्याच्या मागे लागलेले आहेत.

या माहितीला ‘रुग्णाने स्वतः नोंदवलेले परिणाम’ म्हणतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २००९ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातली व्याख्या सरळ आहे. रुग्णाच्या स्थितीबद्दलची जी माहिती थेट रुग्णाकडून येते आणि जिचा अर्थ मध्ये डॉक्टरने किंवा आणखी कुणी लावलेला नसतो, ती. वेदना, थकवा, झोप, मनाची उभारी, हाताने काम होतंय की नाही, या गोष्टी दुसऱ्या कुणाला बाहेरून दिसतच नाहीत. त्या विचाराव्याच लागतात.

आकडा नेमका कुठे शिरतो

आमवाताचा जोर मोजायला डॅस-२८ नावाचं सूत्र जगभर वापरतात. त्यात चार गोष्टी जातात. ठरलेल्या २८ सांध्यांपैकी किती दाबल्यावर दुखतात, किती सुजले आहेत, ईएसआर किती आहे, आणि रुग्ण आपल्या एकूण तब्येतीला ० ते १०० मध्ये किती गुण देतो. इथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. उत्तर २.६ च्या खाली आलं तर आजार शांत झाला असं मानतात, ३.२ पर्यंत सौम्य, त्यापुढे मध्यम आणि ५.१ च्या वर तीव्र.

सूत्रात रुग्णाच्या गुणांना ०.०१४ ने गुणतात. दिसायला ही संख्या अगदीच क्षुल्लक आहे. पण एखाद्या बाईने २० ऐवजी ७० लिहिले, तर निकालात ०.७ ची भर पडते. समजा तिचा निकाल २.९ होता, म्हणजे आजार बराच आटोक्यात होता. सांधे तेच, रक्त तेच, तरी ती ३.६ वर जाते आणि मध्यम आजाराच्या गटात पोचते, जिथे उपचार वाढवण्याचा विचार सुरू होतो. शिवाय याच सूत्रात दुखऱ्या सांध्यांना सुजलेल्या सांध्यांच्या दुप्पट वजन आहे. सांधा दाबतात डॉक्टर, पण ‘दुखलं’ हे सांगतो रुग्णच. म्हणजे कागदावर एकाच रकान्यात दिसणारं रुग्णाचं म्हणणं प्रत्यक्षात दोन ठिकाणी बोलत असतं.

नव्या औषधांच्या चाचण्यांतही हेच. १९९५ पासून वापरात असलेल्या एसीआर-२० या निकषात दुखरे आणि सुजलेले सांधे प्रत्येकी किमान २० टक्क्यांनी कमी व्हावे लागतात, आणि उरलेल्या पाच गोष्टींपैकी तिघींत तेवढीच सुधारणा दिसावी लागते. या पाचांपैकी वेदना, एकूण तब्येत आणि कामाची क्षमता या तीन रुग्णाकडून येतात. आज आपल्याकडे मिळणारी आमवाताची महागडी जैविक इंजेक्शनं बाजारात येण्याआधी याच कसोटीतून गेलेली आहेत.

बाथटबमध्ये उतरता येतं का?

१९८० च्या आधी संधिवाताच्या औषधाचा गुण पाहायचा तर मुठीचा जोर मोजत, बोटांच्या सांध्यांचा घेर मोजत, रक्त तपासत. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइज यांनी उलट्या टोकाने विचार केला. दीर्घ आजाराच्या माणसाला नक्की काय हवं असतं? जगायचं असतं, परावलंबी व्हायचं नसतं, दुखणं नको असतं, औषधाने नवा त्रास नको असतो आणि आजारपणात घर धुऊन निघायला नको असतं. यातल्या परावलंबनाचं मोजमाप म्हणून त्यांच्या गटाने १९८० मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिला सगळे ‘हॅक’ म्हणतात.

तिच्यात २० प्रश्न आहेत, आठ गटांत विभागलेले. कपडे घालणं आणि केस धुणं, उठणं, खाणं, चालणं, अंगाची स्वच्छता, वरचं काढणं, पकड, आणि बाहेरची किंवा घरची कामं. प्रत्येक कामासाठी गेल्या आठवड्याचा विचार करून ० ते ३ गुण द्यायचे. काहीच अडचण नसेल तर ०, थोडी असेल तर १, फार असेल तर २, जमतच नसेल तर ३. गटातला सगळ्यात वाईट गुण धरायचा आणि आठ गटांची सरासरी काढायची. एखाद्या गटातल्या कामासाठी काठी, आधार किंवा दुसऱ्या माणसाची मदत लागत असेल, तर त्या गटाचा गुण किमान २ धरायचा.

या साध्या कागदाने मोठं काम केलं. रुग्णाचं पुढे काम सुटेल का, त्याच्या आयुष्याला धोका किती, याचा अंदाज अशा प्रश्नांवरून बहुतेक वेळा एक्स-रे किंवा रक्ताच्या तपासणीपेक्षा चांगला बांधता येतो, हे पुढच्या अभ्यासांत वारंवार दिसलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण ‘रुग्णाचं सांगणं म्हणजे तक्रार आणि रिपोर्ट म्हणजे पुरावा’ ही समजूत अजून घट्ट आहे.

पण मूळ प्रश्न पाहा. स्वतः मांस कापता येतं का? दुधाचा नवा खोका उघडता येतो का? बाथटबमध्ये उतरून आंघोळ करता येते का? व्हॅक्यूम क्लीनर फिरवता येतो का? डोक्याच्या वरच्या उंचीवरून पाच पौंडांची साखरेची पिशवी खाली काढता येते का? कॅलिफोर्नियातल्या घरासाठी हे अचूक प्रश्न आहेत. आपल्याकडच्या बहुतेक घरांत बाथटब नाही. ज्या बाईने तो कधी पाहिलाच नाही, ती काय उत्तर देणार? काहीजणी ‘अडचण नाही’वर खूण करतात, काहीजणी ‘जमत नाही’वर. दोघी खरंच बोलताहेत, आणि दोघींचे आकडे निरुपयोगी आहेत.

म्हणून २००२ मध्ये अशोक कुमार, आनंद मालवीय आणि सहकाऱ्यांनी आमवाताच्या भारतीय रुग्णांसाठी या प्रश्नावलीचं भारतीय रूप तपासून प्रसिद्ध केलं. त्यात बारा प्रश्न आहेत. साडी, सलवार, धोतर किंवा पायजमा नेसता-बांधता येतो का. शौचाला उकिडवं किंवा जमिनीवर मांडी घालून बसता येतं का. रिक्षात चढता-उतरता येतं का. भाजीबाजारात जाऊन खरेदी करता येते का. तीन किलोमीटर चालता येतं का. पुण्यात सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनीही आपल्याकडच्या राहणीला जुळेल असं रूप तयार करून वापरलं.

गुडघ्याच्या झिजेसाठी वोमॅक ही प्रश्नावली आहे, कॅनडातल्या निकोलस बेलामी यांनी १९८० च्या दशकात तयार केलेली. तिच्यात २४ प्रश्न आहेत, पाच वेदनेचे, दोन आखडण्याचे, सतरा हालचालींचे. त्यात पायमोजे घालणं आहे, टबात उतरणं-चढणं आहे, जिना आहे, खुर्चीतून उठणं आहे. पण गुडघा झिजलेला मराठी माणूस सगळ्यात आधी काय सोडतो? पंगतीत बसणं, देवापुढे मांडी घालणं, गावाकडच्या संडासात उकिडवं बसणं. हे विचारलंच नाही, तर गुडघ्याचं दुखणं सुरुवातीला आकड्यात उमटतच नाही. पुण्याच्या गटाने वोमॅकमध्येही असे बदल केले ते याचसाठी.

मग प्रत्येकाने आपापले प्रश्न घालावेत का? कणीक मळणं, ओले कपडे पिळणं, भरलेली बादली उचलणं, निऱ्या करून खोचणं ही मनगटाची आणि बोटांची खरी परीक्षा आहे, आणि आमवात तर बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त आढळतो. पण प्रश्न बदलला की मोजपट्टी बदलते. पुण्यातला १.२ आणि पॅरिसमधला १.२ एकच आहे असं मग म्हणता येत नाही. त्यामुळे नव्या प्रश्नाला परीक्षा द्यावी लागते. आजार स्थिर असलेल्या माणसाला थोड्या दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर तेच येतं का? डॉक्टरला ज्याचा आजार जास्त वाटतो त्याचा आकडाही जास्त येतो का? उपचारांनी बरं वाटल्यावर आकडा खाली येतो का? आणि त्याही आधीची पायरी म्हणजे मोजक्या रुग्णांसोबत बसून, ‘हा प्रश्न वाचून तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारणं. ही पायरी सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. नुसतं भाषांतर करून, दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घेऊन काम उरकतात. शब्द जुळतात, पण बाथटब तिथेच राहतो.

‘करत नाही’ आणि ‘करता येत नाही’

आपल्या घरांत आणखी एक अडचण आहे, आणि ती प्रश्नांचे शब्द बदलून सुटत नाही. साठीच्या सासूबाईंना विचारलं, पोळ्या लाटताना त्रास होतो का? त्या म्हणतात, नाही. कारण पाच वर्षांपूर्वी हात दुखायला लागल्यावर पोळ्या सुनेकडे गेल्या. त्रास होत नाही, कारण काम होत नाही. आजार वाढला तो वाढलाच, आकडा मात्र सुधारला. उलट, आयुष्यात कधी स्वयंपाकघरात न गेलेले आजोबा ‘पोळ्या येत नाहीत’ म्हणतात. त्यांच्या आकड्यात आजार नसून सवय आहे.

हॅकमध्ये ‘जमतं का’ असं विचारतात आणि मदत घेतली तर गुण वाढवतात, ते याचसाठी. पण एकत्र कुटुंबात मदत मागावी लागत नाही, ती आपोआप होते, आणि म्हणून ती मदत आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याने ‘आता एकट्या असलात तर करू शकाल का?’ असं विचारलं की उत्तर बदलतं. हा फरक टिपणारा प्रशिक्षित माणूस बाह्यरुग्ण विभागात असणं मला कुठल्याही ॲपपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

याच्याच जोडीला सवयीचा परिणाम असतो. दहा वर्षं दुखण्यासोबत काढलेल्या माणसाची ‘ठीक’ची व्याख्या सरकलेली असते. पहिल्या वर्षी ज्याला ७ म्हटलं असतं, त्याला आता ४ म्हणतो. सांधा बरा झालेला नाही, माणसाने जुळवून घेतलंय. संशोधक याला मोजपट्टीचं सरकणं मानतात आणि त्यासाठी दोन प्रश्न वेगळे ठेवतात, ‘आज कसं आहे’ आणि ‘मागच्या वेळेपेक्षा कसं आहे’. आपल्याकडे जुन्या पिढीतली माणसं ‘डॉक्टर, बारा आणे फरक आहे’ असं आपणहून सांगतात. ते फरकाचं उत्तर आहे, स्थितीचं नाही. ते उपयोगाचं आहेच, पण दुबळी बाजूही लक्षात ठेवायला हवी. तीन महिन्यांपूर्वी किती दुखत होतं हे कुणालाच नेमकं आठवत नाही. आज बरं वाटत असेल तर मागचं जास्त वाईट आठवतं. म्हणून दर भेटीतला आकडा त्या-त्या वेळीच लिहून ठेवलेला हवा.

थकवा : रुग्णांनी टेबलावर आणलेला प्रश्न

१९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला संशोधकांची एक बैठक झाली. आमवाताच्या चाचण्यांत नेमकं काय मोजायचं यावर एकमत करण्यासाठी ती होती, आणि तिथून ओमेरॅक्ट ही चळवळ सुरू झाली. मापाला त्यांनी तीन कसोट्या लावल्या. ते खरं तेच मोजतं का, बरा-वाईट फरक ओळखतं का, आणि प्रत्यक्षात वापरण्याइतकं सोपं आहे का.

पहिली दहा वर्षं या बैठकांत रुग्ण नव्हते. रुग्णाच्या वेदनेवर चर्चा व्हायची, रुग्णाविना. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या बैठकीत रुग्णांना पहिल्यांदा सहभागी म्हणून बोलावलं. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी तज्ज्ञांच्या यादीत नव्हत्या. थकवा, झोप, आणि एकूण बरं वाटण्याची जाणीव. विशेषतः थकवा. झोपून जात नाही, विश्रांतीने उतरत नाही, वेदना कमी असलेल्या दिवशीही माणसाला खिळवून ठेवतो, असा थकवा. पुढच्या काही वर्षांत ओमेरॅक्टने आमवाताच्या अभ्यासांत थकवाही मोजावा अशी शिफारस केली. ब्रिस्टलच्या संशोधकांनी रुग्णांच्या मुलाखतींतून थकव्याची वेगळी प्रश्नावली तयार केली. तिच्यात शारीरिक थकवा, थकव्यामुळे रोजच्या जगण्यावर येणारा ताण, डोकं न चालणं आणि भावनिक थकवा हे चार भाग वेगळे मोजले जातात.

नंतर युरोपातल्या संधिवात संघटनेने, म्हणजे युलारने, रुग्णांना सोबत घेऊन ‘रेड’ नावाचं माप केलं. त्यात सातच प्रश्न आहेत. वेदना, हालचालींची अडचण, थकवा, झोप, शारीरिक स्वास्थ्य, मानसिक स्वास्थ्य आणि आजाराशी जुळवून घेणं. कशाला किती वजन द्यायचं हे ठरवतानाही रुग्णांनी दिलेला अग्रक्रम धरला. त्यात वेदनेला सर्वाधिक वजन मिळालं, पण तेही जेमतेम एक-पंचमांश. बाकी चार-पंचमांश आजार वेदनेच्या बाहेर आहे, हे रुग्णांनी आकड्यात सांगितलं.

पाठीच्या कण्याच्या संधिवातासाठी, म्हणजे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिससाठी, १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरात बासडाय हे सहा प्रश्नांचं माप तयार झालं. त्यातला पहिला प्रश्न थकव्याचाच आहे.

रक्त स्वच्छ, सांधे शांत, तरीही ‘सहा’

हा भाग रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही छळतो. सूज नाही, सीआरपी उत्तम, आणि रुग्ण लिहितो ६. डॉक्टरला वाटतं रुग्ण वाढवून सांगतोय. रुग्णाला वाटतं डॉक्टर ऐकतच नाही.

२०११ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय संघटनांनी ‘आजार शांत झाला’ म्हणण्यासाठी कडक व्याख्या केली. दुखरा सांधा फार तर एक, सुजलेला फार तर एक, सीआरपी दर डेसिलीटर रक्तात १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, आणि रुग्णाचा एकूण त्रासाचा आकडा दहापैकी १ पेक्षा जास्त नाही. पहिल्या तिन्ही अटी पुऱ्या करूनही अनेक रुग्ण चौथ्या अटीवर अडकले. त्यावर बराच वाद झाला. एका बाजूचं म्हणणं होतं की हा आकडा दाह मोजत नाही, तर तो या अटीत कशाला? दुसरी बाजू म्हणाली, रुग्णाला काढून टाकून ‘शांत झाला’ म्हणणं कसं चालेल? २०२२ च्या सुधारणेत अट १ वरून २ वर आणली. रुग्णाचं मत राहिलं, पण दहापैकी दोन इतका त्रास असलेला माणूसही आता आजार शांत झालेल्यांत धरला जातो.

माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं, पण एका अटीसह. ६ हा आकडा खरा आहे. प्रश्न आहे तो कशामुळे आला याचा. फायब्रोमायल्जिया असू शकतो, ज्यात दाह नसतानाही अंगभर दुखतं. जुन्या दाहाने सांध्याची झीज झालेली असू शकते, जी आता औषधाने भरून निघणार नाही. झोप नसेल, नैराश्य असेल, थायरॉइड किंवा रक्तक्षय असेल, आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या औषधानंतरची मळमळ असेल. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, आणि बहुतेकांवर प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध हा उपाय नाही. म्हणूनच काही संशोधक दोन उद्दिष्टं वेगळी ठेवा म्हणतात, एक दाह आटोक्यात आणण्याचं आणि दुसरं रुग्णाला बरं वाटण्याचं. एकाच बेरजेत दोन्ही कोंबले की कमकुवत प्रश्नाचा दोष सरळ औषधाच्या डोसवर जातो.

‘एकूण कसं आहे’ या प्रश्नाची रचनाही ठिकठिकाणी वेगळी असते. कुठे संधिवात किती जोरात आहे असं विचारतात, कुठे एकूण तब्येत कशी आहे असं. मधुमेह आणि कंबरदुखी असलेला माणूस या दोन्हींची उत्तरं वेगळी देणार हे उघड आहे. तरीही दोन्ही आकडे एकाच सूत्रात घातले जातात.

कोण विचारतं, कधी, कशावर

दहा सेंटिमीटरची आडवी रेघ द्यायची आणि दुखणं जिथवर आहे तिथे खूण करायला सांगायचं, ही जुनी पद्धत आहे. ती शाळा-कॉलेज केलेल्यांना कळते. ज्यांचा कागदाशी संबंध कमी आला, ते बहुधा रेघेच्या मधोमध किंवा टोकाला खूण करतात. शिवाय झेरॉक्सवर झेरॉक्स काढत गेलं की रेघेची लांबीच बदलते आणि मिलिमीटरमध्ये मोजलेला आकडा चुकतो. ० ते १० आकड्यांच्या चौकटी त्यापेक्षा बऱ्या. शरीराचं चित्र त्याहून बोलकं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने कॉपकॉर्ड नावाचं, सांधे-स्नायूंच्या दुखण्यांचं सर्वेक्षण झालं. त्यात प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघरी जाऊन कुठे दुखतं हे विचारत आणि माणसाच्या चित्रावर दुखऱ्या जागा नोंदवत. आमवाताचं प्रमाण तिथे सुमारे अर्धा टक्का निघालं. अंगदुखीने गांजलेले त्याच्या कितीतरी पट. हे कळलं ते कुणाचं रक्त तपासण्याआधी, विचारल्यामुळे.

उत्तर देताना शेजारी कोण बसलंय यानेही आकडा हलतो. नवरा किंवा मुलगा परस्पर ‘बरंय तिला’ म्हणून टाकतो. मनाची उदासी किंवा शरीरसंबंधातली अडचण सासूसमोर कोणती सून सांगेल? वेळेचंही तसंच. आमवातात सकाळ वाईट आणि दुपार बरी, हे नेहमीचं. सकाळी नऊला भरलेला कागद आणि दुपारी तीनला भरलेला कागद एकच गोष्ट सांगत नाहीत. ‘सकाळी सांधे किती वेळ आखडतात’ यातही घोटाळा आहे. जाग आल्यापासून मोजायचं की उठल्यापासून, थोडं मोकळं होईपर्यंत की पूर्ण? प्रश्नातच हे लिहिलेलं नसेल, तर एकीची पंधरा मिनिटं आणि दुसरीचे दोन तास कदाचित सारखेच असतील.

मोबाइलवर घरूनच, ठरावीक दिवशी उत्तरं घेणं हा यावरचा एक उपाय आहे. भेटीच्या दिवशीचा एकच क्षण न पकडता मधल्या आठवड्यांचा चढउतार दिसतो. अक्षरओळख नसलेल्यांसाठी प्रश्न आवाजात ऐकवता येतात. पण रोज विचारलं की माणसं कंटाळतात, आणि भरलेली उत्तरं डॉक्टर उघडूनही बघत नाहीत हे एकदा लक्षात आलं की भरणं थांबतं.

कमी प्रश्नांत जास्त अचूक

जुन्या प्रश्नावल्यांची दुसरी मर्यादा गणिती आहे. हॅकमध्ये आठ गटांची सरासरी असल्याने एका गटातली एक पायरी म्हणजे ०.१२५. रुग्णाला जाणवेल असा किमान फरक साधारण ०.२२ मानतात. म्हणजे दोन गटांत एकेक पायरी सुधारणा झाली तरच तो दिसतो. शिवाय ‘अजिबात जमत नाही’वरून ‘फार त्रासाने जमतं’वर येणं आणि ‘थोडा त्रास’वरून ‘काहीच त्रास नाही’वर येणं, या दोन्हींना एकच गुण मिळतो. जगताना या दोन गोष्टी सारख्या नसतात. आणि चांगल्या औषधांमुळे आता अनेकांचा हॅक शून्यावर आला आहे. हिंजवडीत दिवसभर टायपिंग करणाऱ्या तरुणीची बोटं संध्याकाळी वळत नाहीत, पण हॅकमध्ये तिला शून्य. मोजपट्टी तिथेच संपते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेला प्रोमिस प्रकल्प इथे कामाचा ठरला. त्यात प्रत्येक प्रश्नाची ‘अवघडाई’ आधी हजारो लोकांवर मोजून ठेवली आहे. मग तोंडी परीक्षेतल्या चांगल्या मास्तरांप्रमाणे संगणक पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरावरून निवडतो. तुम्ही एक मैल सहज चालता म्हटलंत, तर ‘अंथरुणातून उठता येतं का’ हे तो विचारतच नाही, धावण्याचं विचारतो. चार-पाच ते डझनभर प्रश्नांत अचूक उत्तर मिळतं. गुण अशा पट्टीवर असतात की अमेरिकेतल्या सर्वसाधारण लोकांची सरासरी ५० येते आणि १० गुणांचा फरक म्हणजे बराच मोठा फरक.

ती सरासरी अमेरिकेची आहे, हे विसरता कामा नये. इथल्या लोकांवर प्रश्नांची अवघडाई पुन्हा मोजल्याशिवाय ५० चा अर्थ इथे लावता येणार नाही. जमिनीवरून उठणं तिकडे अवघड काम, इकडे रोजचं.

गर्दीच्या ओपीडीत तूर्त सगळ्यात व्यवहार्य वाटतं ते अमेरिकन संधिवाततज्ज्ञ थिओडोर पिंकस यांचं रॅपिड-३ हे माप. हालचाल, वेदना आणि एकूण तब्येत या तिघांचे दहा-दहा गुण, बेरीज ० ते ३०. तीनपर्यंत आजार जवळपास शांत, बाराच्या वर जोरात. सांधे न मोजता, रक्त न काढता, रांगेत बसल्या-बसल्या होतं. त्यातल्या हालचालींच्या प्रश्नांना भारतीय रूप देणं आणि ते मराठीत, रुग्णांसोबत बसून तपासणं हे फार खर्चाचं काम नाही. वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाला तो उत्तम विषय होईल.

तोवर रुग्णाने करायच्या गोष्टी अगदी हाताशी आहेत. कागद स्वतः भरावा, किंवा स्वतःच्या तोंडाने सांगावा. मागच्या भेटीचा आकडा वहीत लिहिलेला असावा. जे काम तुमच्या घरात होतच नाही, तिथे अंदाजाने खूण न करता ‘लागू नाही’ लिहावं, आणि जे काम आजारामुळे दुसऱ्याकडे गेलं आहे, तिथे ‘आता सून करते’ असं बाजूला लिहावं. आकडा मोठा असेल तर तो कशामुळे, सांधे, झोप, थकवा की मन, हे एका ओळीत जोडावं. ती ओळ वाचून डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, तर औषध वाढवण्याआधी योग्य ठिकाणी शोध सुरू होतो.